सतरा नाण्यांची माती

सुप्रभाबाईंना जगात दोन गोष्टींची मनापासून चीड होती. एक खोटं बोलणारी माणसं आणि दुसरं काळं पडलेलं तांबं. पनवेलच्या शाळेत एकतीस वर्षं हस्तकला शिकवून त्या निवृत्त झाल्या, पण पोरांपेक्षा त्यांचा धाक घरातल्या भांड्यांना जास्त होता. त्यांच्या ताम्हनात बघून भांग पाडता येतो असं त्यांचे यजमान चारचौघांत सांगायचे, आणि त्यात अतिशयोक्ती फारशी नव्हती. यजमान गेले तेव्हा महिन्याच्या आत बाईंनी त्यांचे सगळे कपडे धुऊन, इस्त्री करून वृद्धाश्रमाला देऊन टाकले. डाग, वास, धूळ असलं काही आठवण म्हणून जपणं त्यांच्या स्वभावातच नव्हतं.

तर अशा या बाई लेकीकडे क्योतोला तीन महिने राहायला निघाल्या, तेव्हा सामानात काय गेलं असेल हे सांगायला ज्योतिषी नको. छोटं ताम्हन, पळी, अन्नपूर्णा, बाळकृष्ण आणि चिंचेचा अर्धा किलोचा गोळा.

"आई, इथे सगळं मिळतं गं," कौमुदी फोनवर म्हणाली होती.

"मिळत असेल. भांडी घासायला मला माझी चिंच लागते."

कौमुदी बत्तीस वर्षांची होती आणि पीएचडीच्या शेवटच्या वर्षात होती. मार्चमध्ये तिची शिष्यवृत्ती संपणार होती आणि त्याआधी प्रबंध द्यायचा होता. विषय जुनी नाणी. 'एवढी शिकून मुलगी करते काय, तर चिल्लर बघते' असं नातेवाईक म्हणायचे. बाई त्यांना गप्प करायच्या, पण विषय काय आहे ते त्यांनाही नीटसं कळलेलं नव्हतं. तो कळला ऑक्टोबरातल्या त्या शुक्रवारी, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी.

त्या दिवशी कौमुदी क्योतोजवळच्या उजीहून एक लाकडी पेटी छातीशी धरून आली. तिथे सुगिमोतो-सान नावाच्या ऐंशीच्या पुढच्या एक बाई एकट्या राहायच्या. त्यांचे यजमान इंजिनियर होते आणि तरुणपणी कामासाठी तीन वर्षं सिरियात होते. होम्सच्या बाजारात त्यांनी पेटीतली ही सतरा नाणी घेतली होती. ते गेल्यावर सुगिमोतो-सान ही पेटी कोणाला हात लावू देत नव्हत्या. कौमुदी दीड वर्ष त्यांच्याकडे जात राहिली, चहा पीत राहिली, त्यांच्या गुडघ्यांची चौकशी करत राहिली, तेव्हा कुठे त्यांनी पेटी दहा दिवसांसाठी दिली. सोमवारी सुट्टी असल्यामुळे युनिव्हर्सिटीची तिजोरी थेट मंगळवारी उघडणार होती. तोवर पेटी घरात राहणार होती.

जेवणानंतर कौमुदीने पेटी उघडली. प्रत्येक नाणं एका कागदाच्या घडीत होतं, आणि कागदावर मुंगीएवढ्या जपानी अक्षरांत काहीतरी लिहिलेलं होतं.

"हे बघ," ती एक नाणं चिमटीत धरून म्हणाली. "सातव्या शतकात अरबांनी सिरिया घेतला. राज्य बदललं, पण बाजारातल्या लोकांना सवय जुन्या नाण्यांची. मग नव्या लोकांनी जुन्याच नाण्यांची नक्कल पाडली. हा राजा बघ, बायझंटाईनांचा. हातात क्रॉससुद्धा तसाच ठेवलाय."

"आणि हे काय, किडा चालल्यासारखं?"

"हे अरबी. तय्यिब. म्हणजे चांगलं आहे, चालेल. दुसऱ्या बाजूला ग्रीकमध्ये पण तेच लिहिलंय."

"म्हणजे चेहरा एकाचा आणि सही दुसऱ्याची."

कौमुदी हसली. "करेक्ट. माझ्या गाईडना, सेन्सेईंना, हे समजवायला मला चाळीस स्लाइड्स लागल्या." मग पेटी बंद करताना म्हणाली, "आई, माझी सगळी विद्या आता या पेटीत आहे. ही सतरा आहेत म्हणून माझा शेवटचा चॅप्टर आहे."

तेवढ्यात तिला फोन आला. राजाचं सांगून झालं होतं, अक्षरांचं सांगून झालं होतं. मातीचं सांगायचं राहून गेलं.

शनिवारी सकाळी कौमुदी तिच्या बाईतोला, म्हणजे अर्धवेळच्या कामाला गेली. दर शनिवारी एका शिकवणीत ती लहान मुलांना इंग्रजी शिकवायची, त्यावर तिचा महिन्याचा किराणा निघायचा. एक वाजेपर्यंत येते म्हणाली. बाईंनी अंघोळ उरकली आणि दसऱ्याच्या तयारीला लागल्या. आपट्याची पानं नव्हती, पण युनिव्हर्सिटीच्या रस्त्यावर इचोची झाडं होती, आणि त्यांचं पान मधे चिरलेलं, थेट आपट्याचा चुलतभाऊ शोभेल असं होतं. ती त्यांनी आदल्या दिवशीच वेचून आणली होती. जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर एकाचे आकडे मांडून सरस्वती काढली. मग हत्यारांकडे वळल्या. दसऱ्याला सुतार करवत पुजतो, शिंपी कात्री पुजतो. लेकीचं हत्यार कोणतं? लॅपटॉपला कुंकवाचं बोट लावलं, भिंग ठेवलं, आणि मग पेटी उघडली.

माझी सगळी विद्या या पेटीत आहे, असं पोरगी काल स्वतःच्या तोंडाने म्हणाली होती. आणि त्या विद्येची अवस्था काय, तर हिरवट, काळपट, मातीने लडबडलेली. सुप्रभाबाईंच्या घरात मळका देव पूजेला बसवायची पद्धत नव्हती.

कामाच्या बाबतीत बाईंना नावं ठेवायला जागा नाही. सतरा कागद त्यांनी टेबलावर ओळीने मांडले, म्हणजे ज्याचं त्याला परत जाईल. एक एक नाणं चिंचेच्या कोळात मीठ घालून भिजवलं. काही फारच हट्टी होती. राजाच्या दाढीत, अक्षरांच्या खाचेत माती दगडासारखी बसली होती. ती त्यांनी केसांच्या पिनेने उकरली, टूथब्रशने घासली. एका नाण्याला काथ्यासारखा बारीक धागा चिकटला होता, तोही ओढून काढला. दोन तास त्या बेसिनपाशी उभ्या होत्या. बोटांची टोकं सुरकुतली, कंबर धरली, पण मन भरून आलं होतं. लेक आयुष्यभर देशोदेशीची पुस्तकं वाचत राहिली, तिच्या कामात आईने कधी हात घालावा असं काही नव्हतंच. आज पहिल्यांदा ते सापडलं होतं.

एक वाजता कौमुदी आली. चपला काढता काढता तिने पूजा बघितली, इचोची पानं बघून हसली. मग ताम्हनातल्या लखलखीत नाण्यांकडे बघून म्हणाली, "आई, ही कुठून आणलीस?"

"कुठून म्हणजे? तुझीच आहेत. ओळखलीस नाहीस ना?" बाई खुशीत म्हणाल्या. "सोनं घे, सोन्यासारखी राहा."

कौमुदी ताम्हनाजवळ खाली बसली. एक नाणं उचललं, उलटं केलं, सुलटं केलं, खिडकीकडे नेलं. मग दुसरं. अशी सगळी सतरा. बाईंच्या हातात पानं तशीच राहिली. पोरगी ओरडली असती, आदळआपट केली असती तर बाईंना उलट बोलता तरी आलं असतं.

"आई," ती शेवटी म्हणाली, "यांच्यावरची माती कुठे गेली?"

मग तिने सांगितलं, अगदी हळू आवाजात, शाळेतल्या मुलाला सांगावं तसं. विकणाऱ्याने सुगिमोतो-सानांच्या यजमानांना सांगितलं होतं की ही सतरा एकाच मडक्यात पुरलेली सापडली. आजवर सगळे धरून चालले होते की आधी नुसती ग्रीक अक्षरांची नक्कल झाली, आणि बऱ्याच वर्षांनी अरबी अक्षरं आली. या सतरांत दोन्ही होती. ती खरंच एका मडक्यातली असतील तर दोन्ही प्रकारची नाणी एकाच वेळी एकाच माणसाच्या कनवटीला होती, आणि सगळ्यांचं म्हणणं बदलावं लागणार होतं. पण विकणाऱ्याच्या शब्दाला कोण विचारतो. सतराही नाण्यांवरची माती आणि गंज एकच आहे हे दाखवायचं होतं. मंगळवारी दहा वाजता त्या तपासणीचं मशीन मिळालं होतं. सहा महिन्यांपूर्वी अर्ज केला तेव्हा कुठे.

"फोटो असतील ना तुझ्याकडे?" बाईंनी विचारलं.

"नाण्यांचे आहेत गं. मातीचा फोटो काढून माती कळत नाही."

करायला गेले एक आणि झालं भलतंच, असं माणसं सहज म्हणून जातात. बाईंनी स्वतः शंभरदा म्हटलं असेल, दूध नासल्यावर, टाका चुकल्यावर. आज त्यांना ते आठवलंसुद्धा नाही. त्या खुर्चीवर बसल्या, आणि केलेलं श्रीखंड संध्याकाळपर्यंत फ्रीजमध्येच राहिलं.

रविवारी कौमुदी सेन्सेईंना भेटायला गेली. बाई घरात एकट्या राहिल्या आणि त्यांना एकदम बेसिनची जाळी आठवली. इथे बेसिनच्या तोंडाला बारीक जाळीची पिशवी लावतात, म्हणजे खरकटं नळीत जात नाही. ती त्यांनी काल बदलली होती आणि जळणाऱ्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली होती. ओला, प्लास्टिक, बाटल्या, डबे, हे सगळं वर्गीकरण आठवड्यात पाठ केल्याचा त्यांना कोण अभिमान होता. पिशवी मंगळवारी सकाळी खाली जायची होती, म्हणजे अजून गॅलरीतच होती.

बैल गेला आणि झोपा केला, हे त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण हातावर हात ठेवून बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी वर्तमानपत्र पसरलं, जाळी फाडली, आणि चिंचेच्या चोथ्यातून माती वेगळी करायला बसल्या. चोथा काढला, शिरा काढल्या, धागे काढले, बटाट्याची सालं काढली. पाण्यात निवळवून वरचं पाणी ओतून दिलं. उन्हात वाळवलं. संध्याकाळी कागदावर चमचाभर करडी पूड उरली. ती त्यांनी कुंकवाच्या रिकाम्या डबीत भरली.

कौमुदी आल्यावर त्यांनी डबी तिच्यासमोर ठेवली. "ही घे. सगळी नाही, पण आहे."

कौमुदीने डबी उघडली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. काल आलं नव्हतं ते आज आलं.

"आई, नाही गं होणार. कुठल्या नाण्याची कुठली, काही कळणार नाही आता. त्यात मीठ, चिंच, साबण."

"थोडीसुद्धा नाही?"

"थोडीसुद्धा नाही." तिने झाकण लावून डबी आईच्या हातात परत दिली.

सेन्सेई काय म्हणाले ते तिने जेवताना सांगितलं. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले की मशीनची वेळ मी रद्द करतो, तुम्ही आधी सुगिमोतो-सानांकडे जा. शेवटचा चॅप्टर मार्चपर्यंत कशाच्या जोरावर लिहायचा, हे त्यांनी विचारलं नाही आणि तिनेही काढलं नाही.

"मी येते उजीला," बाई म्हणाल्या. "मी सांगते त्यांना. मी केलंय, मी पाया पडते."

"तू आलीस तरी चालेल. पण हे तू केलंस असं मी सांगणार नाहीये."

"म्हणजे?"

"मी केलं असं सांगणार आहे."

"कौमुदी, खोटं बोलणार तू? माझ्यासमोर?"

"आई, ऐक. पाहुणी आलेली म्हातारी आई, तिला माहीत नव्हतं, असं सांगितलं ना, तर त्या पटकन माफ करतील. त्यांना करावंच लागेल. मग त्यांना रागावता पण येणार नाही. पेटी माझ्या हातात दिली होती त्यांनी. मी तुझ्या पदराआड लपणार नाही."

यावर बाईंनी खूप बोलून बघितलं. एकदा रागावल्या, एकदा रडल्या, यजमानांचं नाव काढलं. कौमुदी ऐकून घ्यायची आणि शेवटी तेच म्हणायची. हा हट्ट तिने कोणाकडून घेतला हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यामुळे त्या जास्तच हतबल झाल्या.

मंगळवारी सकाळी दोघी निघाल्या. स्टेशनजवळच्या मोठ्या दुकानातून कौमुदीने मिठाईचा खोका घेतला, सुरेख कागदात बांधलेला. इथे माफी मागायला जाताना असा खोका नेतात म्हणे. बाईंच्या मुलखात पेढे न्यायचे ते पास झाल्यावर. बाईंनी पर्समध्ये कुंकवाची डबी टाकली होती. कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

सुगिमोतो-सान दारातच वाकल्या. लहानखुऱ्या, ताठ, केस पांढरेशुभ्र. "हाहा देस," कौमुदीने ओळख करून दिली. ही माझी आई. हा शब्द बाई आता ओळखायच्या, कारण इथे आल्यापासून सगळीकडे त्यांची ओळख त्याच शब्दाने होत होती. चटईच्या खोलीत एका कोपऱ्यात यजमानांचा फोटो होता, समोर ताजी फुलं. बाई गुडघे दुमडून बसल्या. गुडघे लगेच बोलायला लागले.

कौमुदी तिच्या उशीवरून खाली सरकली, चटईवर दोन्ही हात टेकले आणि बोलायला लागली. बाईंना एक अक्षर कळत नव्हतं, पण 'वाताशी' म्हणजे मी, हे कळत होतं. त्यांनी मोजलं. वाताशी चार वेळा आलं. हाहा एकदाही आलं नाही. मग कौमुदीने कपाळ चटईला लावलं आणि तशीच राहिली. आपल्या पोरीला कोणासमोर असं आडवं झालेलं बाईंनी कधी पाहिलं नव्हतं.

सुगिमोतो-सानांनी चष्मा लावला, पेटी जवळ ओढली, पहिली कागदाची घडी उघडली. नाणं बाहेर आलं, लालसर, झगझगीत. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि कागदावरचं वाचलं, मोठ्याने, थांबत थांबत. कौमुदीला आईसाठी भाषांतर करायची सवय झाली होती. खाली बघत ती पुटपुटत गेली.

"राजाच्या डाव्या गालावर तांबडी माती."

सुगिमोतो-सानांनी नाणं उजेडात धरलं, राजाचा गाल बघितला आणि ते कागदावर ठेवून दिलं. दुसरी घडी उघडली.

"क्रॉसच्या खाली हिरवा ठिपका, तांदळाच्या दाण्याएवढा."

पुन्हा नाणं उचललं, बघितलं, ठेवलं. बाईंनी कागद आणि नाणी यांची एकदाही अदलाबदल होऊ दिली नव्हती, ज्याचं त्यालाच परत गेलं होतं, पण त्याचा आता काय उपयोग. नवऱ्याने जे जे लिहून ठेवलं होतं ते कुठल्याच नाण्यावर नव्हतं. म्हातारी न चिडता, न घाई करता एक एक घडी उघडत होती, वाचत होती, शोधत होती. सुप्रभाबाईंना वाटलं, यांनी निदान एक तरी नाणं भिरकावावं.

अकराव्या कागदावर मजकूर जरा मोठा होता. कौमुदी अडखळली.

"यात एका झाडाचं मूळ अडकलं आहे. केसाएवढं. माती काढू नये."

बाईंना तो धागा आठवला. काथ्यासारखा. पिनेने ओढल्यावर तो पटकन आला होता. आणि रविवारी चोथा निवडताना त्यांनी सगळे धागे वेगळे करून फेकून दिले होते. मांडीवरच्या पर्समध्ये डबी होती. तिच्यात तोही नव्हता. बाईंना रडायचीही सोय नव्हती, कारण रडलं तर पोरीचं खोटं उघडं पडेल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सतरा झाली. सुगिमोतो-सानांनी पेटीचं झाकण लावलं आणि ती उचलून फोटोखाली ठेवली, युनिव्हर्सिटीला आता द्यायची नाही हे न बोलता सांगितलं. मग त्या वळल्या आणि थेट सुप्रभाबाईंकडे बघत काहीतरी बोलल्या. मऊ आवाजात. 'ओकाआसान' एवढंच बाईंना कळलं, तो दुसऱ्याच्या आईला म्हणायचा शब्द.

"काय म्हणतायत?" बाईंनी विचारलं.

"म्हणतायत," कौमुदीने आवाज सावरला, "मुलीला फार रागावू नका. वय लहान आहे, होतं हातून."

सुप्रभाबाईंनी तोंड उघडलं. जपानी त्यांना पाच शब्द येत होते. नमस्काराचा, आभाराचा, छान झालंय म्हणायचा, हो म्हणायचा 'हाय' आणि माफी मागायचा 'सुमिमासेन'. मी केलं, माझ्या या हातांनी केलं, हे त्या पाचांत कुठेच बसत नव्हतं. त्यांनी कौमुदीकडे बघितलं. तिने मान अगदी थोडी हलवली, नाही म्हणून.

"सुमिमासेन," बाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, मोठ्याने. आणि दुखऱ्या गुडघ्यांवरून पुढे होऊन त्यांनी पोरीसारखंच कपाळ चटईला लावलं. "सुमिमासेन. सुमिमासेन."

सुगिमोतो-सान लगबगीने उठून आल्या. खांद्यांना धरून त्यांनी बाईंना वर उठवलं. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं. मुलीच्या चुकीसाठी आई एवढी वाकली, हे बघून कोणत्याही बाईच्या डोळ्यांत येईल तसं. त्यांनी बाईंचा सुरकुतलेला, अजून चिंचेने तपकिरी असलेला हात हातात घेतला, थोपटला आणि पुन्हा काहीतरी म्हणाल्या.

कौमुदीने खाली बघतच सांगितलं.

"म्हणतायत, तुमच्या मुलीने स्वतः येऊन खरं सांगितलं. तुम्ही तिला चांगलं वळण लावलंत."

सुगिमोतो-सान उत्तराची वाट बघत होत्या. हात त्यांनी सोडला नव्हता.

"हाय," सुप्रभाबाई म्हणाल्या.